किल्ली आणि अभिज्ञान

मराठी घरात कुलूप आले अरबीतून आणि चावी आली पोर्तुगीजांकडून. अरबी 'कुफ्ल'मधली अक्षरे प्रवासात उलटीपालटी झाली आणि आपले 'कुलूप' तयार झाले. पोर्तुगीज 'शावे'ची 'चावी' झाली. दोन वेगळ्या मुलखांतून, दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द एका दारावर येऊन भेटले आणि एकमेकांत असे बसले, की त्यांचे परकेपण आज भाषाविज्ञानाच्या तासाला मुद्दाम सांगावे लागते. आमच्या नागपुरात त्यात आणखी एक गंमत आहे. इथे बाजारात, ऑटोत, पार्किंगमध्ये आणि पुष्कळदा स्वयंपाकघरातही 'चाबी'च चालते. आमच्या घरात 'किल्ली' हा शब्द टिकला तो बाबांमुळे. ते शाळेत संस्कृत शिकवत. 'चाबी' ऐकले की त्यांच्या कपाळाला आठी पडे आणि 'किल्ली म्हणा' अशी दुरुस्ती होई. हा शब्द हिंदीचा नसून मुळात पोर्तुगीज आहे, असे मी एम. ए.ला असताना त्यांना ऐकवले होते. त्यावर, म्हणजे मग दुप्पट परका, असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

'किल्ली'ची लाक्षणिक बाजू आपल्या, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांच्या, अधिक ओळखीची. परीक्षांच्या मोसमात सीताबर्डीच्या पुस्तकांच्या दुकानांत 'यशाची गुरुकिल्ली' छापाची मार्गदर्शके ढिगाने लागलेली असतात आणि आपण ती विद्यार्थ्यांच्या हातात पाहून तोंड वाकडे करतो. पण समीक्षेतही किल्लीवाले असतातच. कुणाच्या हाती लय असते, कुणाच्या हाती वर्ग, कुणाच्या हाती देशीपणा. एकच किल्ली घेऊन माणूस सगळ्या कवितांच्या दारांशी जातो आणि जे दार उघडत नाही ते दारच नव्हे, असे जाहीर करून मोकळा होतो. असो, हे विषयांतर झाले. मला लिहायचे आहे ते खऱ्याखुऱ्या किल्लीविषयी, मोटारीच्या किल्लीविषयी. आणि ती हरवली म्हणजे नेमके काय काय हरवते, याविषयी.

शब्द तोच राहतो आणि वस्तू बदलते, ही अर्थपरिवर्तनाच्या प्रकरणातली नेहमीची गोष्ट. पण 'किल्ली'च्या बाबतीत हा बदल माझ्या पिढीने अक्षरशः हातात धरून पाहिला आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. त्या छायाचित्रात सगळ्यांचे लक्ष किल्लीकडे आहे, आणि ती किल्ली म्हणजे धातूचा एक दातेरी तुकडा, याहून अधिक काही नव्हती. त्या काळातली मोटारीची किल्ली ही घराच्या कुलपाच्या किल्लीची धाकटी बहीणच होती. तिचे दात कुलपातल्या खटक्यांना योग्य उंचीवर उचलत आणि नळकांडे फिरे. विद्या सगळी आकारात होती. म्हणून तर जुन्या अॅम्बॅसिडरच्या आणि फियाटच्या झिजलेल्या कुलपांत शेजाऱ्याची किल्लीही फिरे, आणि अडल्यानडल्या वेळी ती फिरवलीही जाई. किल्ली हरवली तर बर्डीच्या फुटपाथवर जायचे. तिथे पत्र्याची भलीमोठी किल्ली टांगून बसलेला कारागीर कोरी पट्टी कुलपात घालून हलवायचा, तिच्यावर उमटलेल्या खुणा उजेडात धरून वाचायचा, कानशीने तेवढेच घासायचा आणि पुन्हा घालायचा. पंधरा-वीस मिनिटांत किल्ली तयार. तो कुलपाच्या आतले कधीच पाहत नसे. त्याने उमटवलेल्या खुणांवरूनच आतले ओळखत असे. उत्तम वाचकाची याहून चांगली व्याख्या मला वर्गात अजून देता आलेली नाही.

आजची किल्ली दिसायला तशीच असली तरी तिच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. (दारे दुरून उघडणाऱ्या बटणांना लागते ती गोल बॅटरी वेगळी, ती संपली तरी गाडी सुरू होतेच. हे कित्येकांना ठाऊक नसते.) किल्ली घालतो त्या भोकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे एक कडे असते. किल्ली फिरवली की त्या कड्यातून चुंबकीय लहर निघते, तिच्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि गाडीशी बोलते. गाडी तिला एक संख्या सांगते, दर वेळी वेगळी. चिप आपल्यापाशी असलेल्या गुप्त सूत्राने त्या संख्येवर गणित करते आणि उत्तर कळवते. तेच गणित गाडीनेही केलेले असते. दोन्ही उत्तरे जुळली तर इंधन आणि ठिणगी यांना परवानगी मिळते, नाही तर डॅशबोर्डवर एक छोटा दिवा लुकलुकत राहतो आणि इंजिन सुरू होत नाही. गुपित कुणीच उच्चारत नाही. ते आपल्याला ठाऊक आहे एवढेच दोघे एकमेकांना पटवतात. युरोपात १९९० च्या दशकात विमा कंपन्यांच्या आणि मग कायद्याच्या रेट्याने ही व्यवस्था सार्वत्रिक झाली, आपल्याकडे २००० नंतर ती हळूहळू लहान गाड्यांतही आली. म्हणजे दाते जुळणे आता पुरेसे नाही. गाडीने किल्लीला ओळखले पाहिजे.

ओळखण्याचा विषय निघाला की नागपूरच्या माणसाला कालिदास आठवणे साहजिक आहे. रामटेक इथून पन्नासेक किलोमीटरवर. मेघदूतातला रामगिरी तो हाच, अशी आमची श्रद्धा, आणि १९९७ पासून त्या गावी कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही आहे. पण मला आठवले ते मेघदूत नव्हे, शाकुंतल. तेही आपणहून नाही; बाबांनी आठवून दिले, आणि ज्या प्रसंगी दिले तो सांगायला हवा.

आमची गाडी २०१३ ची, लहानशी, बाबांच्या नावावर. दोन किल्ल्या मिळाल्या होत्या. त्यातली एक २०२१ मध्ये हरवली. आईच्या मते अंबाझरीच्या फिरण्यात, बाबांच्या मते आईच्या पर्समध्ये. एक शिल्लक होती म्हणून कुणी फार मनावर घेतले नाही. मधल्या काळात बाबांच्या विसरण्याला डॉक्टरांनी एक नाव दिले आणि गाडी चालवू नका असे सांगितले. परवाना मात्र त्यांच्या पाकिटात होता आणि मुदतीतही होता. वयाच्या पंचावन्ननंतर तो दर पाच वर्षांनी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून नवा करून घ्यावा लागतो, तसा त्यांनी आजाराचा संशयही नव्हता तेव्हा करून घेतलेला. कायद्याच्या लेखी ते चालक होते, घरच्यांच्या लेखी नव्हते, आणि त्यांच्या स्वतःच्या लेखी हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहत असे. २०२४ च्या मे महिन्यात दुसरी किल्लीही नाहीशी झाली. आम्ही तांदळाचे पिंप पाहिले, फ्रीज पाहिला, तुळशीची कुंडी उकरली, कोशांच्या रांगेमागे हात घालून पाहिला. नागपूरचा मे, पोर्चमध्ये गाडी तापत उभी आणि आत बसायला वाट नाही.

एक तरी चालू किल्ली हाती असताना दुसरी जोडून घेणे सोपे असते. गाडी त्या ओळखीच्या किल्लीच्या साक्षीने नव्या किल्लीला आत घेते. सगळ्याच हरवल्या तर साक्षीदारच उरत नाही. मग कारखान्याने नेमून दिलेला गुप्त क्रमांक लागतो, नाही तर यंत्र जोडून तो गाडीतून काढावा लागतो. एका सर्व्हिस सेंटरमध्ये आम्हाला सांगण्यात आले की गाडी उचलून आणावी लागेल, नवी किल्ली मागवावी लागेल, आठ-दहा दिवस जातील आणि अठरा हजारांपर्यंत खर्च येईल. शिवाय कागद हवेत. आरसी, आधार, पोलिसांकडे केलेली हरवल्याची नोंद, आणि मालकाने समक्ष येऊन केलेली सही. कागद मागण्यात त्यांचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीही आधी दोन्ही मूळ किल्ल्या समोर ठेवायला सांगते. किल्ली हा मालकीचा पुरावा आहे, तेव्हा ती नव्याने देणाऱ्याने मालक कोण हे विचारायलाच हवे. पण खुर्चीवर बसलेल्या बाबांना समोरच्या तरुणाने जेव्हा मोठ्या आवाजात, शब्द सुटे करून, 'काका, ही गाडी तुमचीच आहे ना?' असे विचारले, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. प्रश्न त्यांना ऐकू आला होता. उत्तर देण्याआधी ते माझ्याकडे वळले. शाळेत तीस वर्षे ज्याने इतरांना प्रश्न विचारले तो माणूस एका साध्या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या डोळ्यांत शोधत होता. सही त्यांनी केली. ती आरसीवरच्या सहीशी जुळत नाही, असे सांगण्यात आले आणि आम्ही परत आलो.

घरी आल्यावर मी त्यांची गाडीची फाइल काढली. फाइल म्हणजे काय होती ती! खरेदीची पावती, दर वर्षीचा विमा, प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख आणि किलोमीटर, टायर बदलल्याच्या नोंदी, सगळे बाबांच्या टपोऱ्या अक्षरात. शेवटच्या पानाला दोऱ्याने बांधलेली नखाएवढी धातूची पट्टी होती, तिच्यावर ठोकलेला किल्लीचा क्रमांक, आणि खाली शाईने लिहिलेले: 'जपून ठेवणे. किल्ली हरवल्यास उपयोगी.' ह्या क्रमांकावरून दाते कसे पाडायचे ते कारागिराला कळते. बहुतेक लोक ती पट्टी गाडी घेतल्याच्या दिवशीच हरवतात. बाबांनी ती अकरा वर्षे जपली होती. जपली आहे हे मात्र ते विसरले होते.

त्या पट्टीच्या जोरावर मी सर्व्हिस सेंटरचा नाद सोडला आणि किल्लीवाल्याला घरी बोलावले. स्कूटरवर आला. डिकीत किल्ली कापायचे छोटे यंत्र, खांद्यावरच्या पिशवीत टॅब्लेटसारखे दुसरे यंत्र. वय पन्नाशीच्या घरात, पगडी, पांढरी होत चाललेली दाढी. नागपुरात किल्लीच्या धंद्यात सिकलीगर शीख अनेक आहेत. 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे. तलवारींना, भाल्यांना धार आणि तेज देणारे ते सैकलगर. आपल्याकडचे शिकलगार आडनाव त्याच शब्दाचे. गुरूंच्या फौजेची हत्यारे घडवणारी ही माणसे १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर, परवान्यावाचून शस्त्र बनवणेच गुन्हा ठरल्यावर, सुऱ्या, कढया, बादल्या, कुलपे, किल्ल्या अशा कामांकडे वळत गेली. हातातली विद्या तीच राहिली, तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. कुलूप उघडता येणारा माणूस आपल्याला अडल्या वेळी हवा असतो आणि एरवी तो आपल्या गल्लीत दिसला की आपण खिडकीशी येतो. त्या दिवशीही समोरच्या बाल्कनीत दोघे-तिघे येऊन उभे राहिलेच.

आणि त्याला ते सवयीचे असावे. कारण त्याने गाडीला हात लावला नाही. फाटकातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, पहिले आरसी दाखवा. अन् ज्यांच्या नावावर आहे त्यांना बाहेर बोलवा." बाबा बाहेर आले. त्याने आधार पाहिले, चेहरा पाहिला, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवले. सही मागितली नाही. "बाबूजी, गाडी तुमची?" त्याने विचारले, प्रश्न तोच, पण आवाज साधा. बाबा म्हणाले, "माझीच. तेरा सालची." वर्षही सांगितले!

तो काम करत असताना बाबा खुर्ची घेऊन जवळ बसले आणि त्यांनी त्याला शाकुंतलातली कोळ्याची गोष्ट सांगितली. सहाव्या अंकाच्या आरंभीचा तो प्रवेश आपण बहुधा घाईने शिकवतो. रोहित माशाच्या पोटात सापडलेली, राजाचे नाव कोरलेली अंगठी विकायला कोळी बाजारात येतो आणि नगररक्षक त्याला चोर म्हणून बांधतात. त्याच्या धंद्यावरून टोमणे मारतात. त्याला वधाच्या वेळी घालायची फुले ओवायला एकाचे हात शिवशिवतात. तो गयावया करतो, पण आपल्या धंद्याची लाज बाळगायला नकार देतो. मग राजाकडून बक्षीस येते, तितक्याच किमतीचे, आणि त्यातला अर्धा वाटा त्याच रक्षकांना देऊन सगळे मिळून दारूच्या गुत्त्याकडे निघतात. बाबांनी हे सगळे क्रमाने सांगितले, कोण मागधीत बोलतो आणि का तेही सांगितले. किल्लीवाल्याचे दोन्ही हात डॅशबोर्डखाली होते. तो म्हणाला, "म्हणजे वस्तू त्यानंच आणून दिली, अन् पहिले धरलं बी त्यालाच." बाबा खूश झाले. पाच मिनिटांनी त्यांनी ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. त्याने ती पुन्हा ऐकली.

कुलपे उघडण्याच्या विद्येवरचा हा संशय नवा नाही आणि तो फक्त गरिबांच्या वाट्याला येतो असेही नाही. मात्र वेगवेगळ्या लोकांच्या बाबतीत तो वेगवेगळी भाषा बोलतो. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराने १७९० पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप लावून ठेवले होते. उघडेल त्याला दोनशे गिनी. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेहून आलेल्या हॉब्ज यांनी सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडले आणि इंग्लंडभर खळबळ उडाली. असे जाहीरपणे दाखवून द्यावे का, यावर तेव्हा वाद झाले. ते संपलेले नाहीत. मोटारीच्या किल्लीतली एक अतिशय प्रचलित चिप आतून कशी कच्ची आहे, हे फ्लाविओ गार्सिया आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शोधून काढले, तेव्हा २०१३ मध्ये फोक्सवागनने इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून त्यांच्या शोधनिबंधाच्या प्रकाशनाला मनाई आणली. निबंध अखेर २०१५ मध्ये छापला गेला, एक वाक्य गाळून. एकच वाक्य! संहितेतल्या गाळलेल्या जागांवर आपण आयुष्यभर चर्चा करतो. इतकी महाग गाळलेली जागा दुसरी कुठली असेल असे मला वाटत नाही. तिकडे प्रश्न प्राध्यापकांचा होता म्हणून तो न्यायालयात गेला. बर्डीच्या फुटपाथवरच्या माणसाला हाच प्रश्न खिडकीत येऊन उभी राहिलेली माणसे विचारतात, न बोलता.

यंत्र गाडीशी जोडले. स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचे सॉकेट असते, तिथून गाडीच्या स्मृतीत शिरता येते. पडद्यावर ओळी उमटल्या. त्याने मला जवळ बोलावून दाखवले: गाडीला दोन किल्ल्या माहीत आहेत, दोन्ही आता तुमच्याजवळ नाहीत. "जुन्या पुसून टाकू? पुसल्या तर सापडल्या तरी चालणार नाहीत. नाही पुसल्या तर ज्याला सापडल्या त्याची गाडी." विवेकाचा सल्ला एकच होता आणि मी 'पुसा' म्हणाले. पण बाबांच्या समोर तो शब्द उच्चारताना मला जड गेले, हेही खरे. एक यंत्र काय विसरायचे हे विचारून विसरत होते.

इथे शाकुंतलाविषयी थोडे बोलायला हवे, कारण पुढे जे घडले त्याचा विचार मी त्याच वाटेने केला. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची कथा आहे, तिथे अंगठी नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. तिथला राजा काही विसरलेला नसतो. त्याला सगळे आठवत असते आणि तो दरबारात चक्क नाही म्हणतो. कालिदासाने शाप आणला, अंगठी आणली, आणि विसरणे निष्पाप करून टाकले. नायकाचे चारित्र्य राखण्याची ही युक्ती, असे आपण परीक्षेत लिहून घेतो. पण घरात एक विसरणारा माणूस असला म्हणजे ह्या दोन पाठांतला फरक फार निराळा दिसतो. आमची आई बरेच दिवस महाभारताच्या बाजूची होती. "यांना सगळं आठवतं, मुद्दाम करतात," असे ती म्हणे. आणि पन्नास वर्षांच्या संसारात माणूस कधी कधी मुद्दामच करत असतो, त्यामुळे तिचे अगदीच चुकत होते असेही नाही. डॉक्टर कालिदासाच्या बाजूचे. फरक एवढाच, की कालिदासाच्या शापाला उःशाप आहे. खुणेची वस्तू डोळ्यांपुढे आली की सगळे परत येते. डॉक्टरांनी असा काही उःशाप सांगितला नाही.

किल्ली झाली. दाते धातूच्या पट्टीवरच्या क्रमांकावरून, चिप नवी, गाडीने तिला ओळखले, इंजिन सुरू झाले. मग त्याने सहज विचारले, "दुसरी बनवू का?" त्यावर कुणी बोलेना. दुसरी किल्ली कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होते. बाबा तेवढ्यात पाणी प्यायला आत गेले होते. माझ्या चेहऱ्यावरून असो वा अशी घरे त्याने आधीही पाहिली असोत, तो आवाज खाली करून म्हणाला, "बिना चिपची देतो. दार उघडेल, रेडिओ चालेल, गाडी चालू होणार नाही. पुष्कळ लोक नेतात."

पुण्याच्या भावाला फोन लावला. त्याला ही कल्पना एकदम पटली. "सांगायचं कशाला, ताई? सांगितलं तरी विसरणार." त्याच्या म्हणण्यात व्यवहार होता आणि निर्दयपणा मुळीच नव्हता. मला पटेना. वडिलांच्या हातात किल्लीसारखे काहीतरी द्यायचे आणि ती किल्ली आहे असे त्यांना वाटू द्यायचे. ती फिरवून पाहतील, गाडी चालू होणार नाही, मग ते आपला हात, आपली नजर, आपली आठवण यांवर शंका घेतील. ज्या माणसाला स्वतःवर आधीच शंका येऊ लागली आहे, त्याच्या शंकेत खोटा पुरावा टाकायचा. शाकुंतलात अंगठी हरवते, पण जी होती ती खरी होती. तिच्यावर नाव होते. नाव न कोरलेली अंगठी द्यायची असेल तर निदान ती तशी आहे, हे तरी सांगायला हवे. उलट बाजूने असेही वाटत होते, की सांगणे हा माझा माझ्यापुरता सोवळेपणा असेल. सत्य सांगितल्याचे समाधान मला मिळेल आणि त्याचा जाच त्यांना होईल. शिकवताना असे पेच फळ्यावर दोन रकाने आखून मांडता येतात. पोर्चमध्ये किल्लीवाला घाम पुसत उभा असताना तसे करता येत नाही.

निर्णय आईने घेतला. ती बाहेर आली, म्हणाली, "बनवा बिनाचिपची," आणि बाबा परत येऊन खुर्चीवर बसल्यावर ती किल्ली तिने स्वतः त्यांच्या हातात ठेवली. "ही तुमची. हिनं दार उघडतं, रेडिओ लागतो. गाडी चालू होत नाही. गाडी आता ताई चालवेल." बाबांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "मग ही किल्ली कसली?" ते म्हणाले. आई म्हणाली, "दाराची." त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. किल्लीवाल्याने दोन्हींचे मिळून साडेचार हजार घेतले आणि जाताना सांगितले, की ह्या किल्लीनेही स्टिअरिंग मोकळे होते, तेव्हा गाडी नेहमी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या. बॅटरीकडेही लक्ष असू द्या. रेडिओ तासन्‌तास चालला तर ती बसेल.

आईने एकदा सांगितले म्हणजे काम झाले, असे नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबांनी किल्ली फिरवली, गाडी चालू झाली नाही, दिवा लुकलुकला, आणि ते आत येऊन गाडी बिघडली असे म्हणाले. आईने पुन्हा सगळे सांगितले. त्याच्या पुढच्या दिवशीही. पहिल्या आठवड्यात पाच वेळा तरी सांगावे लागले असेल, आणि दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळत होते. दर वेळी चेहरा तसाच उतरत होता. 'सांगितलं तरी विसरणार' हे भावाचे वाक्य खरे ठरले होते, पण त्याचा अर्थ त्याला वाटला होता तो नव्हता. सांगायचे ठरवले तर ते रोज सांगावे लागते. हे काम आई करते. मी दोनदा केले, तिसऱ्यांदा तिने मला थांबवले. "तू समजावून सांगतेस, नुसतं सांगत नाहीस," असे म्हणाली. मास्तरकीचा हा दोष मला मान्य आहे.

पुढे पुढे त्यांनी चालू करायचा प्रयत्न करणे कमी झाले. आठवण राहिली म्हणून की सवय झाली म्हणून, ते मी ठरवायला जात नाही. आता ऊन उतरले की ते बाहेर जातात, किल्लीने दार उघडतात, चालकाच्या जागेवर बसतात, किल्ली अर्धी फिरवून आकाशवाणी लावतात. पोर्चचे फाटक बंद असते. शेजारचा शाळकरी मुलगा कधी कधी बाजूच्या जागेवर येऊन बसतो. त्याला सहावी ते दहावीचे शब्द चालवून घ्यायचे असतात आणि बाबांना विभक्ती कधी चुकत नाही. तिसऱ्या आठवड्यात बॅटरी बसली, ती दुसऱ्या गाडीची तार जोडून उठवावी लागली. तेव्हापासून अर्धा तास झाला की आई पोळ्या टाकून बाहेर येते आणि काचेवर बोटांनी दोनदा वाजवते.